चांद छाप पटाशी आन् सोपानदाचा कान

सोपानदा गेल्याचा निरोप घेऊन चकलांब्याचा माणूस आमच्या उमापुरात आला, तवा मी रंधा मारता मारता दोन गिऱ्हाइकांला हसवत व्हतो. घरात जाऊन बायकोला म्हनलं, "अगं, सोपानदा गेला." तर ती म्हनली, "आसली मजाक करत जाऊ नका." माजी जिनगानी ही आशी. खरं बोललो तरी लोक आधी हसायची तयारी करत्यात. आता महिना झाला. मला लिहाया येत न्हाई; मी सांगतो, मास्तर लिहून घेत्यात. म्हनले, थोडं सुधारून लिहू का? म्हनलं, नगं. सुधारलेला मारुती सोपानदाला वळखू यायचा न्हाई.

आमी दोघं सुतार, त्यो चकलांब्यात, मी उमापुरात. त्यो कामाचा, मी नावाचा. म्या केलेल्या पाटावर बसलेला पाव्हना डुलत डुलत जेवायचा. गेवराईला कचेरीमागं कासमचाचाचा हत्याराचा कारखाना व्हता, दोन भट्ट्या आन् चार माणसं. त्याच्या लाकूड कोरायच्या पटाशीवर, रंध्याच्या पात्यावर चांद उमटवलेला असायचा. चांद बगायचा आन् डोळे मिटून घ्यायचं, आसा माल. मग चाचा थकला, कारखाना बाहेरगावच्या एका सेठला इकला. भट्टी तीच, चांद बी त्योच. पण सोपानदानं पयल्याच बाजारात नवी पटाशी उचलली, कानाशी धरली, नखानं टिचकी मारली... आन् खाली ठिवली.

"तापल्या लोखंडाला पाणी नीट न्हाई दिलं. बाभळीत मोडंल ही."

"चांद तर हाय की," मी म्हनलं.

"चांद कुणीबी उमटवल बे. कान लाव."

म्या कान लावला. मला काय, जुनी आन् नवी, दोनी सारख्याच वाजल्या.

तवापास्नं दर बाजारी लोक हत्यार घेऊन त्याच्यापुढं उभे. त्यो टिचकी मारायचा आन् सांगायचा, घे, नगं घेऊ. माजी मस्करी ऐकाया जमायची ती गर्दी हटली. मला लई झोंबलं. मग म्या एक डाव केला. घरी चाचाची जुनी पटाशी व्हती, मूठ घामानं काळी पडलेली. सेठची एक नवी घेतली. दोनींच्या मुठी काढल्या, म्हनलं नव्या पात्याला काळी मूठ बसवू, बगू कसं वळखतंय ते. मधीच कुणी आलं, तंबाखू मळली, गप्पा झाल्या, आन् मग मुठी बसवल्या. बाजारात समद्यांला आधीच सांगून ठिवलं आन् काळ्या मुठीची पटाशी सोपानदाच्या हातात दिली.

त्यानं दोन टिचक्या मारल्या. "ही जुनी. चाचाच्या हातची."

लोक आसं हासले की बैलं बुजली. "सोपानदा, सेठचीच हाय! मूठ तेवढी जुनी!" म्या वरडून सांगितलं.

त्यानं परत एकदा वाजवली. लई येळ ऐकत राह्यला. मग म्हनला, "आसंल बाबा... कान म्हातारा झाला." आन् पटाशी मला दिली, मूठ माज्याकडं, धार सोताकडं करून. सवयच व्हती त्याची.

त्या दिसापास्नं त्यानं टिचकी मारली न्हाई. कुणी इचारलं तर म्हनायचा, "मारुतीला इचारा." आन् लोक खरंच मला इचारायचे! मी चांद बगून म्हनायचो, घ्या बेफिकीर. सोपानदा सोताचं हत्यार घेतानाबी दुसऱ्याला इचारायचा. ज्यानं जिनगानीभर कानावर काम केलं, त्यो माणूस...

चार म्हयन्यांनी मी गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे बसत्यात त्यो मधला ठोकळा, कोरत व्हतो. बाभळीचं लाकूड. हातात नव्या मुठीची पटाशी, म्हंजे माज्या हिशेबी चाचाची. तिसऱ्या ठोक्याला धारेचा कोपरा उडाला. चाचाला शिव्या घातल्या, काळ्या मुठीची घेतली. आख्खा तुंबा कोरून झाला, धार तशीच. तवा डोस्क्यात उजेड पडला. त्या तंबाखूच्या नादात म्या मुठी बदलल्याच नव्हत्या. जिची तिलाच बसवली व्हती. येडा बनवाया गेलतो सोपानदाला, आन्...

सांगाया दोनदा गेलतो. पयल्यांदा त्याच्या वसरीवर पाव्हने व्हते, त्यांला हसवलं आन् माघारी आलो. दुसऱ्यांदा त्यो बाजेवर पडून व्हता.

"कावून आलास?"

"तुजा कान बगाया."

"कान गेला की बे माजा."

हितंच सांगायचं व्हतं. शब्द दातापातूर आला व्हता. पण तोंडातनं निघालं, "गेला तर गेला, दुसरा हाय की!" त्यो हासला. मी बी हासलो. पंधरा दिसांनी निरोप आला.

आता बाजारात समदं खरं सांगितलं. लोक पोट धरून हासले. म्हनले, मारुतीनं नवी गोष्ट रचलीया.

काळ्या मुठीची पटाशी मी दुकानात खुट्टीला टांगलीया, कानाच्या उंचीवर. सकाळी कामाला बसायच्या आधी टिचकी मारतो. टण्ण... मला आजून फरक कळत न्हाई. पण ऐकतो. कुणी नवं हत्यार घेऊन आलं, मारुती, कसं हाय म्हनून इचारलं, तर म्हनतो, "सोपानदाला इचारा."

लोक हासत्यात.