पूजेत अडकलेले कार्बुरेटर

१९७४, खंडेनवमी. सकाळी मी मागच्या अंगणात जुन्या परातीत रॉकेल घेऊन आमच्या मोटारीचे दोन कार्बुरेटर धूत बसले होते.

मोटार म्हणजे दोन माणसांची, उघडी, जमिनीला टेकलेली विलायती स्पोर्ट्सकार. गिरणीतला एक इंग्रज साहेब मायदेशी परत गेला तेव्हा आमच्या यजमानांनी ती हौसेनं घेतली होती. हौस तीन-चार वर्षं टिकली. मग इंजिन तापतं म्हणून मोटार शेडमध्ये विटांवर चढली आणि यजमान स्कूटरवर. वकिलाला कोर्टापर्यंत स्कूटर पुरते.

मला हौस वगैरे नव्हती. मी सोलापूरहून मंद्रूपच्या शाळेत शिकवायला जात होते. एसटी वेळेवर येत नसे, आली तर थांबत नसे, थांबली तर आत पाय ठेवायला जागा नसे. बाजाराच्या दिवशी कुणाची तरी कोंबड्यांची पाटी माझ्या मांडीवर. घरात एक मोटार गंजत उभी आहे आणि मी स्टँडवर उन्हात उभी आहे, हे मला पटेना. म्हणून दोन वर्षं रविवार आणि सुट्ट्या घालवून मी ती दुरुस्त करत आणली. मूळ सुटे भाग मिळणं शक्यच नव्हतं. रेडिएटरचा पंखा जीपचा बसवला, जास्त पात्यांचा. विलायती पंख्याला सोलापूरचा मे महिना ठाऊक नव्हता. पाण्याच्या नळ्या शेतावरच्या ऑइल इंजिनाच्या बसवल्या. टप मालट्रकच्या ताडपत्रीचा, माझ्याच मशिनवर शिवलेला. कार्बुरेटरमध्ये वर थोडं पातळ तेल लागतं, तिथं शिलाई मशिनचं तेल उत्तम चालतं, हेही मला करून बघूनच कळलं.

यजमानांना हे सगळं आवडत नव्हतं. कोर्टाच्या बाररूममध्ये त्यांची थट्टा होत असे. वकील स्कूटरवर आणि बायको गाडीखाली, असं कुणीतरी म्हणालं होतं म्हणे. श्रावणात एकदा त्यांनी जेवताना जाहीर केलं, "दसऱ्याला सकाळी ती गाडी स्वतःच्या दमावर फाटकाबाहेर काढून दाखव. निघाली तर तुझी. नाही निघाली तर माढ्याचा कंत्राटदार घेऊन जाईल."

"त्याला बंद गाडी कशाला हवी?"

"मुलाच्या वरातीला. तो म्हणतो, इंजिन नसलं तरी चालेल, ट्रॅक्टरनं ओढू. नवरदेव वर बसला की झालं."

मी अट मान्य केली, कारण ती मला जमणार होती. नवमीच्या सकाळी एवढंच काम उरलं होतं: कार्बुरेटर धुवायचे, बसवायचे, चालू करायचं. सगळे भाग मी वर्तमानपत्रावर मांडले, डाव्याचे डावीकडे, उजव्याचे उजवीकडे. आतली सुई आणि पिस्टन ज्याचे त्यालाच बसतात, अदलाबदल चालत नाही. शेजारी नटबोल्टचे पाने ठेवले आणि वाळेपर्यंत हात-पाय धुऊन येते म्हणून आत गेले. परत आले तर वर्तमानपत्र रिकामं.

देवघरात माझ्या थोरल्या जाऊबाई पूजेला बसल्या होत्या. त्यांना मी अक्का म्हणत असे. माहेर नातेपुत्याचं, थोरले दीर गेल्यापासून आमच्याकडेच राहत, नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास. पाटावर विळी, अडकित्ता, कात्री, यजमानांचं पेन, कायद्याची दोन जाड पुस्तकं आणि मधोमध ताटात माझे कार्बुरेटर. सगळे भाग एकत्र केलेले. वर ओल्या हळदीकुंकवाची बोटं, अक्षता, झेंडूची फुलं. पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या भोकात हळद. पेन्सिलीच्या शिशाएवढं ते भोक.

"अक्का, हे इथं कुणी आणलं?"

"भावजींनी आणून दिलं की. म्हणाले, हिच्या हत्याराची पूजा आधी करा. मला लई बरं वाटलं बघ. म्हटलं, एकदाचं मानलं बायकोचं काम."

"मला हे आत्ता बसवायचंय."

"असं कसं? आज हत्यार चालवायचं न्हाय. पूजेतलं तर हात लावायचंच न्हाय. उद्या दुपारी उत्तरपूजा झाली की घे, कोण न्हाय म्हणतंय?"

उद्या दुपारी. आणि कंत्राटदार सकाळी येणार.

मी ओसरीवर गेले. यजमान खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. इतकं लक्ष देऊन ते कधी कोर्टाचे कागदही वाचत नसतील.

"माझे कार्बुरेटर तुम्ही पूजेत नेऊन ठेवलेत?"

"खंडेनवमी आहे ना आज?"

"लग्न झाल्यापासून तुमच्या हातात मी उदबत्तीसुद्धा पाहिली नाही."

"माणूस सुधारतो, अगं." वर्तमानपत्र जरासुद्धा खाली आलं नाही. "आणि मी काय लपवून ठेवलंय का? समोर देवापुढे आहे. घे जाऊन."

माझं डोकं फिरलं ते या शेवटच्या वाक्यानं. त्यांना पक्कं ठाऊक होतं की मी घेणार नाही. देवाची भीती मला नव्हती, पण नऊ दिवस उपाशी राहिलेल्या बाईच्या पूजेतून मी तिच्या डोळ्यांदेखत ताट उचलणार नाही, हे त्यांनी हिशेबात धरलं होतं. माझ्या सभ्यपणाचा त्यांनी अडसरासारखा उपयोग केला होता. सरळ सांगितलं असतं, मला शब्द पाळायचा नाही, गाडी विकायचीच आहे, तर मी भांडले असते आणि विसरलेही असते. पण अट घालायची, दोन वर्षांचं काम पुरं होऊ द्यायचं आणि शेवटच्या दिवशी अक्कांच्या भाबडेपणाआड लपून ते अडवायचं? मी त्यांना ओसरीवर उभ्या उभ्या जे बोलले ते शेजाऱ्यांनी ऐकलं. ऐकू दे म्हणूनच बोलले. ते एवढंच म्हणाले, "सणासुदीला आवाज चढवू नये."

त्या दिवशी स्वयंपाक मीच केला, कारण पोळ्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. वाढताना मात्र त्यांच्या पानाकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि ट्रॅक्टरची, वरातीची, सकाळच्या अटीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजे माझ्या पूजेचं कुलूप लावलं व्हय भावजींनी?"

"तसंच."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "उत्तरपूजा दुपारीच करायची असं कुठं लिहिलंय? दशमी लागली, सूर्य उगवला, की करता येती. तू न्हाऊन तयार राहा. आणि भावजींना सांगू नकोस. झोपू दे देवभक्ताला."

दसऱ्याला सूर्य वर आला तेव्हा आम्ही दोघी देवघरात होतो. अक्कांनी अक्षता वाहिल्या, ताट थोडं पुढं सरकवलं आणि माझ्या हातात दिलं. "जा. हळद नीट काढ, मी जरा जास्तच लावलीय."

जास्तच होती. रॉकेलमध्ये भिजवून, खराट्याच्या काडीनं हलकेच टोकरून जेट मोकळे केले. तार घालायची सोय नव्हती, भोक मोठं झालं की पेट्रोल वाया. सुयांच्या जोड्या लावल्या, डावा-उजवा ओळखून बसवले. चावी फिरवली, पेट्रोलचा पंप टिकटिकला, स्टार्टर ओढला. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा मागून धूर आला आणि इंजिन धडधडायला लागलं. रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्बुरेटरचा आवाज सारखा केला. तोवर यजमान बनियनवर अंगणात आले होते. मी मान वर केली नाही.

फाटकाबाहेर ट्रॅक्टर आलेला होता. कंत्राटदार उतरला, हातात पेढ्यांचा पुडा आणि दोरखंड.

"वहिनी, गाडी चालू हाय व्हय? मग तर लईच बेस!"

"ट्रॅक्टर बाजूला घ्या," मी म्हटलं. "आणि नवरदेवासाठी घोडा बघा."

त्यानं यजमानांकडे पाहिलं. यजमान दारावरच्या झेंडूच्या माळेकडे पाहत होते. ट्रॅक्टर बाजूला झाला.

मी विजापूर रस्त्यानं मंद्रूपपर्यंत गेले. सुट्टीमुळे शाळेला कुलूप होतं, तिथूनच वळले. रेडिएटर उकळला नाही. ब्रेक मात्र लावला की गाडी डावीकडे ओढत होती. घरी आले, यजमान काहीतरी बोलायला पुढे आले, त्यांना वळसा घालून गाडी शेडमध्ये घेतली, पदर खोचला, जॅक लावला आणि पुढचं डावं चाक काढलं.