चढावरचा दुसरा गिअर

टेम्पोवाल्या काकूंना गाडी शिकवली ती त्यांच्या नवऱ्याने, आणि तीही त्याचे डोळे गेल्यावर. घरसामान हलवायच्या टेम्पोवर त्याची उभी हयात गेली होती. साखरेच्या आजारानं नजर इतकी अधू झाली, की सिग्नल लाल की हिरवा तेही कळेना. टेम्पो विकायचा विषय निघाला तेव्हा काकू म्हणाल्या, "मी चालवते." चाळिशी उलटलेली, आयुष्यात कधी सायकलही चालवलेली नाही. लेक पोट धरून हसली. नवरा मात्र हसला नाही.

पहिला धडा स्वयंपाकघरात झाला. त्याने चाचपडत डबीचं छोटं झाकण आणि पातेल्याचं मोठं झाकण शोधलं, कडेला कड लावली. "छोटं फिरव." छोट्याच्या कितीतरी गिरक्या झाल्या, तेव्हा कुठे मोठं एकदा फिरलं.

"हा पहिला गिअर. इंजिन भरपूर फिरतं, चाक कमी. वेग नाही, पण जोर दांडगा. आणि डिझेलही ढोसतं. टॉप गिअरला उलटं. इंजिन निवांत, गाडी पळते, डिझेल वाचतं."

"मग टॉपलाच ठेवते की सारखी!"

"अगं, चढावर टॉप धरून बसलीस, तर इंजिन धापा टाकेल, उलट जास्तच पिईल, आणि शेवटी मान टाकेल."

परवाना मिळाला. नवरा शेजारी बसायचा, कान इंजिनकडे. "रडतंय बघ, खालचा टाक." "आता बोंबलतंय, वरचा टाक." दिवसभर हेच. काकू वैतागायच्या. "अहो, गाडी मी चालवतेय की तुम्ही?" तो हसायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा टोकायचा.

एका सकाळी टेकडीवरच्या वसाहतीत कपाट आणि पलंग पोचवायचे होते. चढ लागला. इंजिनाचा आवाज जड होतोय न होतोय, तोच काकूंनी दुसरा टाकला. धक्का नाही, खडखड नाही. टेम्पो एका लयीत चढत राहिला. शेजारून चकार शब्द नाही. काकूंना आनंद मावेना. आज एकदाही टोकलं नाही!

माथ्यावर गाडी थांबवून त्या म्हणाल्या, "काय मग, जमलं ना?"

त्याचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं होतं. काकूंनी खांदा हलवला, मग हात धरला. हात गार पडत चालला होता.

हृदय बंद पडलं, बहुतेक चढावरच, असं डॉक्टर म्हणाले. "कुठल्या वळणावर?" काकूंनी विचारलं.

सगळे म्हणाले, टेम्पो विका. काकूंनी विकला नाही. सपाट रस्त्यावर त्या टॉपला गाडी छान पळवायच्या, ॲव्हरेजही उत्तम यायचं. चढाची कामं मात्र नाकारायच्या. पण नाकारून किती दिवस भागणार? अखेर टेकडीवरचंच एक काम घेतलं आणि लेकीला सोबत नेलं.

लेक बिचारी दमलेली, गाडी हलताच तिला डुलकी लागली. चढ सुरू झाला. काकूंनी दुसरा टाकला आणि डावा हात लांबवून तिला गदागदा हलवलं.

"काय झालं, आई?"

"झोपू नकोस. बोल माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही बोल," काकू म्हणाल्या. "फक्त गप्प बसू नकोस."