हात सोडले तेव्हा

मी जहाजावर फिटर आहे. आठ-नऊ महिने समुद्रावर आणि तीन-चार महिने मांडवीच्या घरी, असं माझं वर्ष. मुलगी जन्मली तेव्हाही मी जहाजावरच होतो. ती वेळेआधी झाली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, हे सगळं मला फोनवरून कळलं. दीड वर्षाची झाली तरी बसेना, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली आहे. समज चांगली राहील, पण पायांचे स्नायू कायम आवळलेले राहणार.

ती चार वर्षांची असताना मी सुट्टीवर आलो. बोलायला चुरूचुरू, पण उभी केली की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. बायको तिला आठवड्यातून दोनदा रिक्षाने फिजिओथेरपीला न्यायची. घरी रोज सकाळी तेल लावून पाय ताणायची. मुलगी रडायची आणि ही काहीबाही गोष्टी सांगत ताणत राहायची. मला हे सगळं फार सावकाश वाटलं. बंद पडलेला पंप चालू झाल्याशिवाय इंजिनरूममधून वर यायचं नाही, ही माझी सवय. सुट्टी संपायच्या आत मुलीला चालवायचं, असं मी ठरवून टाकलं.

पडवीत लोखंडी पाइपच्या दोन दांड्या बसवल्या, तिच्या कमरेइतक्या उंच. वेल्डिंग स्वतः केलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. फिजिओथेरपीच्या बाईंना दांड्या आवडल्या, पण त्यांनी बजावलं की आधार काढायची घाई करू नका, ती आधाराशिवाय कधी चालेल की नाही हे आज कोणीच सांगू शकत नाही. हे मी ऐकलं आणि सोडून दिलं.

सकाळ-संध्याकाळ मी तिला दांड्यांमध्ये उभी करायचो. पायांत प्लास्टिकचे स्प्लिंट, त्यावर बूट. दमून ती लोंबकळायला लागली तरी मी परत सरळ करायचो. बायको म्हणायची, आज राहू दे. मी म्हणायचो, तू लाड करतेस म्हणून ती चालत नाही. हे मी मुलीसमोर म्हणायचो.

जहाजावर जायला पंधरा दिवस उरले होते. बायको मासळी आणायला गेली होती. मी मुलीला दांड्यांतून बाहेर, पडवीच्या मोकळ्या फरशीवर घेतलं आणि मागून कमरेला धरून चालवायला लागलो.

"बाबा, धरलंयस ना?"

"धरलंय," मी म्हणालो आणि हात काढून घेतले.

तिने दोन पावलं टाकली. खरोखर टाकली. मग माझा आवाज का येत नाही म्हणून तिने मान वळवली. माझे हात मोकळे दिसले आणि ती एका कुशीवर कोसळली.

मांडीचं हाड मोडलं. ज्या पायांवर कधी भार पडत नाही त्यांची हाडं ठिसूळ असतात, हे मला इस्पितळात कळलं. घसरून पडली, असं मी डॉक्टरांना सांगितलं. बायको धावत आली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. मुलगी तपासणीच्या टेबलावरून म्हणाली, "बाबाने सोडलं." बायको माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. ती मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली.

कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर झालं. तिला तसंच अंथरुणावर ठेवून मी जहाज गाठलं. दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं, तेव्हा पाय पूर्वीपेक्षाही आवळले होते. अडीच वर्षांत जे मिळवलं होतं ते गेलं, असं फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या. बायकोने पहिल्यापासून सुरुवात केली. फोनवर मी विचारलं की ती "चाललंय" एवढंच सांगायची.

पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा मुलगी वॉकर धरून माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत जात होती. डावा पाय फरफटत, मध्ये दोनदा थांबून. मी दारातून बघत होतो. तिला मी दिसलो आणि ती होती तिथेच खाली बसली. बायकोने समजावलं, खाऊचं आमिष दाखवलं. ती उठली नाही.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," बायको म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी घरापुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने आतून वॉकर सरकल्याचा आवाज आला.

आता ती सात वर्षांची आहे. घरात वॉकरने फिरते. त्यापुढे फार काही होईल असं कोणी म्हणत नाही. मी सुट्टीवर आलो की रोज तिला उचलून रिक्षात बसवतो, शाळेच्या पायऱ्या चढवून वर्गात नेतो. मी जवळ गेलो की ती वॉकर बाजूला सारते आणि दोन्ही हात वर करते. माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारते, शाळेतल्या गमती सांगते, हसते. एकदा वर्गाच्या दाराशी मी विचारलं, इथून बाकापर्यंत चालतेस का, मी धरतो.

"नको," ती म्हणाली. "तू उचलूनच ने."

मी तिला उचलून बाकावर नेऊन बसवलं.