बंदांचा अंगरखा

इतिहासाशी इमान राखणं हे फार थोर काम आहे. आमच्या घरी ते आईने शिलाई मशीनवर केलं. काल एका ऐतिहासिक मालिकेत सरदाराच्या अंगरख्याला पाठीवर चकचकीत चेन दिसली आणि मला आमच्या मानवत गावच्या हौशी मंडळींचं, तालुक्याच्या स्पर्धेतलं नाटक आठवलं. राजाचं काम कापसाचे एक व्यापारी करणार होते आणि त्यांचा पोशाख आईकडे होता. वाचनालयातली जुनी चित्रं पाहून तिने साधा सुती अंगरखा बेतला, चेन नाही, बटण नाही, नुसते बांधायचे बंद. आठवडाभर घरात कोऱ्या कापडाच्या खळीचा वास होता. अंगरखा घालून बघताना शेठ हिरमुसले. "वहिनी, मखमल लावा की. ह्याच्यात मी राजा न्हाई, पुजारी दिसायलोय." आई दातांनी दोरा तोडत म्हणाली, "शेठ, राजा काय रोज लग्नाला जायचा का? अन् चेनच पाहिजे असली तर दुसरा शिंपी बघा." शेठनी बंद बांधून घेतले. प्रयोगात भाड्याच्या मखमलीतल्या सेनापतीने तलवार उपसताच त्याची चेन उसवली आणि पाठीवरचं बनियन सगळ्या मानवतला दिसलं. राजाचा एक बंदही सुटला नाही. पडदा पडल्यावर शेठ आईला म्हणाले, "लय भारी शिवलं वहिनी तुमी." आजही मालिका बघताना मी आधी अंगरख्याचे बंद शोधतो, आणि आईचा अभिमान वाटतो. त्या स्पर्धेत वेशभूषेचं पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. स्पर्धेत नाटक एकच होतं.