वर्गातलं लग्न

सुवर्णा आमच्या वडगावातल्या मागवाल्यांची पोरगी. घरात सगळे साड्या विणणारे, ही एकटी एम.कॉम. झाली आणि कॉलेजात अकाउंट्स शिकवायला लागली. तेही गेस्ट म्हणून, म्हणजे दर जूनला नव्यानं अर्ज. मी त्याच कॉलेजातनं निवृत्त झालेली, म्हणून रडगाणं गायला माझ्याकडं यायची.

"आक्का, पोरं झोपतात."

झोपणारच. निम्मी मच्छे गावच्या कारखान्यात रात्रपाळी करून येतात, त्यांना डेबिट-क्रेडिटचं काय कौतुक?

मग तिनं वर्गात लग्न लावायला सुरुवात केली. आपल्याकडं आहेर माइकवर पुकारतात, कुणी काय दिलं ते गावाला कळायला नको? तेच तिनं उचललं. नवरा नारळ, नवरी वांगं. एकानं आहेर पुकारायचा, बाकीच्यांनी लिहायचा: आलेली वस्तू नावे, देणारा जमा.

मंथन नावाचं एक वात्रट कार्टं ओरडायचं, "लोंढ्याच्या मामांकडनं एक घागर, तीबी गळकी!"

"गळकी कशात धरायची रं?"

"घसाऱ्यात, मॅडम!"

मागचा बाकसुद्धा जागा झाला. निकालही सुधारला.

यंदा पोरं म्हणाली, नारळ-वांगं पुरे, खरी माणसं उभी करू. दिपाली हौसेनं उठली. काकतीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, वर्गात पहिली, सी.ए. व्हायचं म्हणणारी. शेजारच्या बाकावरचा स्वरूप नवरा झाला. कुणीतरी मंगलाष्टकं म्हटली, हळदीच्या अक्षता पडल्या, आणि कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं. सुवर्णा टाळ्या वाजवत होती. इतकी शिकलेली बाई, पण अक्षता म्हणजे काय हे त्या घटकेला विसरली.

आठवडाभरात दिपाली यायची बंद झाली. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. आजी, रुक्माबाई, उंबऱ्यातच बसलेली.

"अक्षता पडल्या न्हवं पोरीच्या डोईवर? आता काय ऱ्हायलं?"

"आजी, तो धडा होता, अकाउंट्सचा."

"धडा व्हय! लई झ्याक शिकवलासा."

बाप खाली बघत म्हणाला, "मॅडम, पावणं मोबाइलवर ते लगीन दाखवून हसत्यात. ह्या वर्षीच उजवून टाकतो. कॉलेज आता न्हाय."

"परीक्षेपुरती तरी पाठवा हो," सुवर्णा म्हणाली. हात जोडून म्हणाली. आतनं भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. बाप उठून गोठ्याकडं गेला, तसा पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर सुवर्णा पुस्तकातनं नुसतं वाचायला लागली. प्रिन्सिपल खूश: वर्ग हल्ली शांत असतो म्हणे! झोपलेली पोरं कशाला बोलतील?

वैशाखात, ऐन परीक्षेत, दिपालीचं लग्न निपाणीकडं लावलं. सुवर्णा नको म्हणत होती, मीच ओढून नेलं. तोंड लपवून काय होणार? घरच्या मागावरची साडी तिनं आहेराला आणली होती. अक्षता पडल्या. आहेराचा पुकारा सुरू झाला: तांब्याची घागर, समई, परात. दिपाली मान खाली घालून बसलेली, पण प्रत्येक नावाला तिचे ओठ हलत होते. मी हळूच म्हटलं, देवाचं नाव घेतेय.

"न्हाय आक्का," सुवर्णा पुटपुटली. "ती नोंदी करतेय. घागर नावे, देणारा जमा."

तेवढ्यात माइकवाला ओरडला, "वडगावच्या सुवर्णा मॅडमकडनं एक साडी!"

दिपालीनं वर पाहिलं. तिचे ओठ पुन्हा हलले.

"बरोबर लिहिलीस," सुवर्णा एवढंच म्हणाली, आणि न जेवताच चपला शोधायला उठली.