कोळशाचा बंकर

लढाईच्या त्या वर्षांत मी वाशीमला कापसातली सरकी काढायच्या एका जीनमध्ये बॉयलरवर कामाला होतो. अनसिंगहून कापूस घेऊन येणाऱ्या आमच्या गावच्या गाडीवानाजवळ मी एकदा निरोप दिला, "मायले सांग, बंकर साफ करायचा हाये, या आठवड्यात घरी येत नाई."

गावात चावडीवर पेपर मोठ्याने वाचला जाई. बंकर म्हणजे सैनिक दडून बसतात ती जागा, एवढं मायला त्यातूनच ठाऊक झालेलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच गाडीत बसून जीनच्या फाटकाशी आली. डोळे रडून सुजले होते.

"तुले लढाईवर कायले धाडून राह्यले? मले खरं सांग."

मी तिचा हात धरून तिला बॉयलरच्या मागे नेलं. तिथे विटांच्या उंच भिंतींची, उतरत्या तळाची एक खोली होती. वरून कोळसा टाकायचा आणि खालच्या तोंडातून भट्टीसाठी ओढून घ्यायचा.

"ह्याले बंकर म्हनतात, माय."

तिने वाकून आत पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. "मंग कोळशाची कोठी म्हन ना! असे भलते शब्द कायले धाडतं घरी?"

मला हसू आवरेना. तीही हसली. पण मी आत उतरायला लागलो तशी ती भिंतीला टेकून खाली बसली. परतीची गाडी निघाली तरी उठली नाही.

"तू वर ये, मंग जाईन मी."

संध्याकाळी काळाकुट्ट होऊन मी बाहेर आलो, तेव्हा ती फडक्यात बांधलेली भाकर मांडीवर घेऊन तिथेच बसली होती.