पेटी उलटी करून घेतलेलं पिस्तूल

आंब्याच्या पेटीचा वरचा थर मी कधी बघत नाही. तो विकणाऱ्याने माझ्यासाठीच लावलेला असतो. मी पेटी पेंढ्यासकट उलटी करायला लावतो आणि तळची फळं हातात घेतो. पावसच्या बागांतून डोक्यावर पेट्या वाहताना हे शिकलो. पुढे बागाच मोहरावर विकत घ्यायला लागलो, तेव्हा याच सवयीने मला तारलं.

ही सवय मी फक्त एकदा मोडली. वानरं हाकायला शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना मिळाला, तेव्हा रत्नागिरीतल्या एका दुकानातून जुनी एकनळी बंदूक घेतली. बाहेरून आरशासारखी घासलेली, आतून गंजाने खाल्लेली. परत करायला गेलो तर दुकानदार भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "बंदूक घेणं म्हणजे आंबे घेणं नव्हे." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. विसरायची इच्छाही नाही.

गेल्या वर्षी पालीहून येताना दोघांनी मोटरसायकल आडवी घालून माझी बॅग ओढली. म्हणून पिस्तुलाचा परवाना मागितला, आणि बऱ्याच खेपांनंतर तो मिळालाही. मधल्या काळात दिसेल त्या परवानाधारकाला मी प्रश्न विचारून हैराण केलं. एक गोळी भरायची, एक उडवायची, एवढंच मला ठाऊक. पिस्तुलात मात्र पहिली गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि परत येताना पुढची गोळी आत ढकलतो. त्या वरच्या भागाला स्लाइड म्हणतात. हे कळल्यावर मला कितीतरी दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. धक्का वाया न घालवणारं यंत्र मला फार आवडलं.

खरेदीला मुद्दाम त्याच दुकानात गेलो. सोबत मेहुणे होते, बोटीवरून निवृत्त झालेले. दुकानदार पिकला होता, पण जीभ तीच. त्याने दोन पिस्तुलं पुढे ठेवली. एक सरकारी कारखान्याचं, नवं, काळं, चेहरा नसलेलं. दुसरं जुनं, युरोपातलं, निळसर झाक असलेलं. त्याचा भाव ऐकून मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

मेहुण्यांचे डोळे लकाकले. "भावोजी, विचार कसला करताय? बाहेरचा माल तो बाहेरचा!"

आमच्याकडे बोटीवरून आलेल्या साबणालासुद्धा देव्हाऱ्याशेजारी जागा मिळते, त्यामुळे यात त्यांचा दोष नाही.

मी दोन्ही आळीपाळीने हातात घेतली. नव्याची मूठ जाड, चाप घट्ट. विलायतीचा चाप लोण्यासारखा, मूठ जशी माझ्याच हातासाठी घडवलेली. खरं सांगतो, मन डळमळलं.

"याचं गोळ्यांचं मॅगझिन बिघडलं तर?" मी विचारलं.

"शोधावं लागेल."

"स्प्रिंग?"

"तीही शोधावी लागेल. पण बिघडेल कशाला? साहेबी वस्तू आहे."

"बरं. आता पेटी उलटी करा."

"काय?"

"दोन्ही उघडून दाखवा."

"असं गिऱ्हाइकासाठी उघडत नाहीत. बसवलेलं बिघडतं."

माझा आवाज चढला. "उघडल्याने बिघडणारी वस्तू मला राखणार कशी? उघडा, नाहीतर हा निघालो!"

मेहुणे खुर्चीतून अर्धे उठले. मी निघालो की त्यांना धावावं लागतं, हे त्यांच्या सवयीचं आहे.

दुकानदाराने उघडलं. नव्याच्या स्लाइडवर, नळीवर, खालच्या सांगाड्यावर नंबर एकच. नळी आतून स्वच्छ. मग विलायती. मी चष्मा चढवला. सांगाड्यावर एक नंबर, स्लाइडवर दुसरा. वरचा भाग एका पिस्तुलाचा, खालचा भलत्याचाच.

मेहुणे वाकले. "म्हणजे हापूसच्या पेटीत कर्नाटकचा आंबा!"

"निवडणुकीला हे पोलीस ठाण्यात जमा करायला गेलो आणि कुणी नंबर ताडले, तर उत्तर कोण देणार?" मी दुकानदाराला विचारलं. "तुम्ही?"

तो काही वेळ फडक्याने काच पुसत राहिला. मग म्हणाला, "ही नजर त्या वेळी कुठे होती?"

त्यालाही आठवत होतं तर!

"नजर होती," मी म्हणालो. "पण तेव्हा मी 'उघडा' म्हटलं असतं, तर तुम्ही उघडलं असतंत?"

विलायती पिस्तूल जोडून त्याने कपाटात ठेवलं, पण आधी जिथे होतं त्याच्या मागच्या फळीवर. मी नवं घेतलं. त्याचा भाव कारखान्याने ठरवलेला, घासाघीस चालत नाही म्हणे. तरी मी केली. निदान नळी साफ करायचा गज आणि तेलाची बाटली तरी फुकट सुटली.

कागद झाले. मी उठलो तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "ती एकनळी आहे का अजून?"

"आहे."

"घेऊन या. नळीचं काय करता येतं ते बघू."

मेहुण्यांनी मला कोपर मारलं, गप्प राहा म्हणून.

"आणतो," मी म्हणालो. "पण उघडणार मी. तुम्ही शेजारी बसून बघायचं."

"या," तो म्हणाला. "दुपारी या, तेव्हा गिऱ्हाईक नसतं."

"नको," मी म्हणालो. "सकाळीच येतो."